पट सतरा, निकाल शंभर टक्के

फळ्यावर खडूने दोन उभ्या रेघा ओढल्या आहेत. डावीकडे पाचवीचे अपूर्णांक, मध्ये सहावीचे कोन, उजवीकडे सातवीला दिलेली भागाकाराची पाच उदाहरणे. बाई एकच. पाचवीला गणित देऊन त्या सहावीकडे वळतात, सहावीला कोनमापक काढायला लावून सातवीच्या वह्या बघतात, तोवर पाचवीतल्या दोघांचे पेन्सिलीवरून भांडण लागलेले असते. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, आणि मागच्या पडवीत शिजणाऱ्या खिचडीच्या फोडणीचा वास. दाराशेजारी सहावी-सातवीचा पटफलक टांगला आहे : सहावी ११, सातवी ६. एकूण १७.

ही शाळा नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या अनेक शाळांचे थोडे थोडे घेऊन मी ती बांधली आहे. मात्र देवगडच्या सड्यावर, वैभववाडीच्या घाटाखाली किंवा दोडामार्गच्या जंगलालगत कधी गेलात, तर फळ्यावरच्या त्या दोन रेघा ओळखीच्या वाटतील.

जिल्ह्याच्या मुख्यालयात ओरोसला, पुण्याला आणि दिल्लीला ही शाळा दिसते ती ‘यू-डायस प्लस’ नावाच्या नोंदणीतली एक ओळ म्हणून. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७), मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. त्या क्रमांकासमोर सगळे भरलेले असते : वर्गवार मुले-मुली, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही. वर्षाकाठी कुठेतरी या माहितीतून टक्केवारी निघते, टक्केवारीतून क्रमवारी लागते आणि क्रमवारीतून बातमी होते. ‘अमुक तालुका गुणवत्तेत घसरला’ असे आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. त्या सतरांचा या बातमीशी काय संबंध, हे समजून घ्यायचे तर आधी हे सतराच का, ते बघावे लागते.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा काढला गेला. तालुके आठ. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ८,४९,६५१. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ती ८,६८,८२५ होती. म्हणजे दहा वर्षांत जिल्हा वाढण्याऐवजी एकोणीस हजारांनी आटला. राज्यात असे घडलेले जिल्हे तीनच : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. दोघे माणसे पाठवणारे आणि तिसरे वर्षानुवर्षे ती घेणारे, असे तिघे एकाच यादीत यावेत ही गंमतच. साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर. लोकसंख्येतला शहरी वाटा आठातल्या एका माणसाइतकाच. हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६.

हा शेवटचा आकडा भाषणात कौतुकाने सांगितला जातो. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली ९२२च होत्या. तेव्हा १,०३६ हा लेकींच्या लाडाचा आकडा नाही, तो मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा आहे. कमावता पुरुष पनवेल-डोंबिवली-विरारकडे गेला की काही वर्षांनी बायको जाते आणि तिच्याबरोबर मुलांचे दाखलेही जातात. मागे उरतात आजी-आजोबा आणि गणपतीला उघडणारी घरे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्रमाण राज्यात शंभरात बाराच्या जवळ होते, सिंधुदुर्गात नऊच्या आसपास. सहावी-सातवीत सतराच मुले का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. बाई चांगल्या शिकवतात की वाईट, हा प्रश्न त्याच्या कितीतरी नंतरचा.

उरलेले निम्मे उत्तर सकाळी साडेसातला रस्त्यावर दिसते. पिवळी गाडी येते आणि ज्या घरांना झेपते त्या घरांतली मुले तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात घेऊन जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहतात ती ज्यांना ते झेपत नाही त्यांची मुले, आणि काही हट्टाने मराठी शाळेतच घालणाऱ्या पालकांची. त्यांच्यात अलीकडे आणखी काही जण मिसळले आहेत. चिऱ्याच्या खाणीवर उत्तर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुले घरी कानडी बोलतात. आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले घरी नेपाळी बोलतात. गावची मुले घरी मालवणी बोलतात. पुस्तक बालभारतीचे, म्हणजे चौथ्याच भाषेचे, प्रमाण मराठीचे. कानडी घरातली मुलगी दुपारच्या सुट्टीत झकास मालवणी बोलते आणि प्रश्नपत्रिकेतल्या ‘पुढीलपैकी अयोग्य विधान ओळखा’ला अडते, हे कुठल्याही बाई सांगतील. यू-डायसमध्ये ती एका प्रवर्गाच्या रकान्यात एक आकडा असते.

या सतरा मुलांची परीक्षा घेतली तर काय दिसते?

सातवीत सहा मुले. त्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिले. ही चाचणी मी मनाने काढलेली नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात हाच भागाकार विचारतात. २०२४च्या अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात आठवीतली ४५.८ टक्के मुलेच तो करू शकली. आपली बाई मेहनती आहे, तेव्हा हिशेबापुरते धरू की तिच्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला भागाकार जमण्याची शक्यता सत्तर टक्के आहे. आता अशाच शंभर शाळा कल्पा. प्रत्येकीत सातवीला सहा मुले, प्रत्येकीत अशीच बाई, शिकवणे तंतोतंत सारखे. निकाल सारखा लागेल?

मुळीच नाही. सहाच्या सहा मुलांना भागाकार येण्याची शक्यता ०.७ चा सहावा घात, म्हणजे साधारण बारा टक्के. शंभरांतल्या बाराएक शाळांचा निकाल शंभर टक्के लागेल आणि तिथे पेढे वाटले जातील. सहापैकी तीन किंवा त्याहून कमी मुलांना येण्याची शक्यता भरते पंचवीस टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे पंचवीसएक शाळांचा निकाल पन्नास टक्के किंवा त्याखाली जाईल, तिथल्या बाईंना ‘खुलासा सादर करावा’ असे पत्र येईल. पेढे आणि पत्र यांच्यात शिकवण्याचा फरक शून्य. पुढच्या वर्षी नव्या सहा मुलांनिशी हाच खेळ पुन्हा होईल. यंदाच्या पेढेवाल्या शाळांपैकी बऱ्याच घसरतील, पत्रवाल्यांपैकी बऱ्याच सुधारतील, आणि पत्राचा उपयोग झाला असे साहेबांना मनापासून वाटेल.

त्याऐवजी सातवीत साठ मुले असती तर? साठच्या साठांना भागाकार येण्याची शक्यता दोनशे कोटींत एक. शहरातल्या मोठ्या शाळेचा निकाल सत्तरच्या आसपास, फार तर पाच-दहा टक्के इकडे तिकडे, घुटमळत राहील. तिला ना पेढे, ना पत्र. लहान शाळा मात्र कधी आभाळात, कधी खड्ड्यात. गणिताचा हा नियम तीनशे वर्षांच्या घरातला आहे. अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३० मध्ये तो मांडला : नमुना जितका लहान तितकी सरासरी अधिक हेलकावे खाते, आणि हेलकावा निम्मा करायचा तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो.

नियम जुना असला तरी मोठमोठे लोक त्यावर घसरून पडले आहेत. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या सुरुवातीला एक मत जोरात होते : उत्तम निकालाच्या शाळांची यादी काढली की लहान शाळा त्यात भरपूर सापडतात, सबब शाळा लहान करा. गेट्स फाउंडेशनसारख्या संस्थेने मोठ्या शाळा फोडून लहान करण्याच्या कामात प्रचंड पैसा घातला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात पेनसिल्व्हानिया राज्यातल्या १,६६२ शाळांचे निकाल मांडले. सर्वांत वरच्या पन्नास शाळांत सर्वांत लहान पन्नासांपैकी सहा होत्या. आकाराचा काही संबंध नसता तर एक-दोनच असत्या. इथवर लहान शाळावाल्यांचे बरोबर. पण वेनरने यादीचा तळही बघितला. सर्वांत खालच्या पन्नास शाळांत लहान शाळा नऊ निघाल्या. वरही त्याच, खालीही त्याच. यादीचे वरचे टोक तेवढे वाचून धोरण आखले गेले होते. वेनरच्या लेखाआधीच, २००५ मध्ये, गेट्स फाउंडेशनने मोठ्या शाळा फोडण्यावरचा भर कमी करत असल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे गाडी नेमकी उलट्या दिशेने निघाली आहे. तिथे लहान शाळा म्हणजे उत्तम असे ठरवले, इथे लहान शाळा म्हणजे वाया गेलेला खर्च. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात १४,७८३ आणि त्यांतली मुले सुमारे १ लाख ८५ हजार, ही आकडेवारी २०२३ मध्ये समूह शाळांच्या चर्चेत आली. कमी पटाच्या शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणायची, गाडीची सोय करायची, अशी ती कल्पना. तिच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. सहा मुलांच्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही आणि प्रयोगशाळा कोणी देत नाही. पण ‘लहान शाळांची गुणवत्ता कमी’ हे कारण कोणी पुढे केले, तर त्याला यादीचे दुसरे टोक दाखवावे.

कोकणाच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडला असेल, पडायलाच हवा. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग. २०२४ मध्ये त्याचा निकाल ९९.०१ टक्के होता, राज्याचा ९५.८१; २०२५ मध्ये ९८.८२, राज्याचा ९४.१०. नऊ विभागांत सर्वांत कमी परीक्षार्थी याच विभागाचे असतात. मग हाही लहान आकड्यांचाच चमत्कार का?

नाही. सर्वांत लहान असला तरी या विभागातून पंचवीस-तीस हजार मुले बसतात. इतक्या मोठ्या घोळक्यात नशिबाचे हेलकावे अर्ध्या टक्क्यापलीकडे जात नाहीत. शिवाय नुसते नशीब असते तर विभाग एका वर्षी पहिला आणि दुसऱ्या वर्षी शेवटचा आला असता. तो दरवर्षी पहिलाच येतो. तेव्हा हा फरक खरा आहे. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हा पुढचा वाद. शिक्षकांना, मुलींना, घरातल्या साक्षर आजीला, की कॉपी न करण्याच्या सवयीला? माझ्या मते मोठा वाटा घराचा आहे. ज्या जिल्ह्यातून तीन-चार पिढ्या चाकरीसाठी मुंबईला गेल्या, तिथे दहावीचे प्रमाणपत्र म्हणजे रातराणीच्या तिकिटाइतकी रोखठोक वस्तू. तरीही उत्तीर्णांचे प्रमाण आणि भागाकार येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावी पास होणाऱ्याला सहावी ते आठवीत नक्की काय समजले होते, हे दहावीचा निकाल सांगत नाही.

आणि ते सांगणारी नीट सोय महाराष्ट्रात कधी लागलीच नाही, कारण आपल्याकडे सहावी ते आठवी नावाची सलग वस्तूच नाही. देशाचा कायदा म्हणतो, सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात ही विभागणी आहे. महाराष्ट्राची जुनी घडी वेगळी : पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी. गावातली पूर्ण प्राथमिक शाळा सातवीला संपते. आठवीला मूल तीन, पाच, आठ किलोमीटरवरच्या एखाद्या शिक्षण संस्थेच्या माध्यमिक विद्यालयात जाते. कायद्यानंतर काही ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळांना आठवी जोडली गेली, पण संस्थांच्या हायस्कुलांचा याला विरोध असतो आणि तोही समजण्यासारखा आहे. त्यांच्या शिक्षकांची पदे मुलांच्या संख्येवर अवलंबून. मे महिन्यात हायस्कूलचे शिक्षक वाडीवाडीत फिरून ‘तुमचो झील आमच्याकडे घाला’ म्हणून विनवतात, ते उगाच नाही.

या तुटलेल्या घडीचा निकालावर होणारा परिणाम बारकाईने बघा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये १३ नोव्हेंबरला झाले, २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आठवीची मुले तपासली गेली. आमच्या सातवीतली सहा मुले आठवीला जूनमध्ये हायस्कुलात जातात. नोव्हेंबरात त्यांची परीक्षा झाली, तर नव्या शाळेत त्यांचे पाच महिनेही पुरते झालेले नसतात आणि त्यात दिवाळीची सुट्टी येऊन गेलेली. ती जे लिहितील ते बहुतेक जुन्या बाईंनी शिकवलेले. निकाल मात्र हायस्कूलच्या, म्हणजे खाजगी अनुदानित शाळांच्या खात्यावर चढतो. जिल्हा परिषदेच्या बाईंनी सात वर्षे वाढवलेले झाड, फळ मोजले गेले शेजाऱ्याच्या कुंपणात. उलटेही होते : कच्ची मुले आली तर हायस्कूलने पाच महिन्यांत काय दिवे लावायचे? ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या नावाने झालेल्या पुढच्या सर्वेक्षणात इयत्ता बदलून तिसरी, सहावी आणि नववी केल्या. आठवीपर्यंतचे शिकणे आता नववीत गाठून तपासायचे. देशाच्या दृष्टीने ते ठीक, आमच्या सहा मुलांच्या बाबतीत माग आणखी पुसट झाला.

असरचे गणितही लहान जिल्ह्यात अवघड होते. हे सर्वेक्षण शाळेत न जाता घरी जाते, ही त्याची मोठी ताकद. मूल कुठल्याही शाळेत असो की शाळाबाह्य असो, चुलीजवळ सापडतेच. जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावात वीस घरे अशी त्याची रीत, म्हणजे सहाशे घरे. २०२४ मध्ये ६०५ जिल्ह्यांतली ६,४९,४९१ मुले त्यात आली, जिल्ह्यामागे सरासरी हजारावर. पण जिथे घराला कुलूप किंवा घरात दोन म्हातारी माणसे, तिथे सहाशे घरांतून किती मुले मिळणार? त्यातली सहावी ते आठवीची किती? नंदुरबारच्या सहाशे घरांत आणि सिंधुदुर्गच्या सहाशे घरांत मुलांचे पीक सारखे नसते. दोन्हींची टक्केवारी मात्र शेजारशेजारच्या रकान्यात, सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापली जाते.

पटावरच्या मुलांचे प्रमाण काढतानाही हीच अडचण. सहावी ते आठवीतली मुले भागिले त्या वयाची जिल्ह्यातली लोकसंख्या, असे ते सूत्र. अंशस्थानी यंदा मोजलेली मुले आणि छेदस्थानी २०११च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला अंदाज, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. अंदाज धरतो की मुले इथेच आहेत. मुले दाखला घेऊन कधीच नालासोपाऱ्याला गेलेली असतात. कागदावर शाळेत न येणारी मुले तयार होतात आणि अधिकारी त्यांना शोधायला निघतात. तिकडे नालासोपाऱ्यात शंभरातली एकशे दहा मुले शाळेत असल्याचा चमत्कार झाला, तर नवल वाटून घेऊ नये.

आता शिक्षकांकडे येतो. टक्केवारीचा घोळ कागदावर राहतो, इथला घोळ वर्गात उतरतो. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि मुले कितीही असोत, गणित-विज्ञानाला एक, भाषेला एक, सामाजिक शास्त्रांना एक असे किमान तीन शिक्षक हवेत. कलम चांगलेच आहे. बाराव्या वर्षी मुलाला बीजगणित आणि पेशी दोन्ही कळायचे तर विषय जाणणारे माणूस लागते. पण शिक्षक मिळतो तो संचमान्यतेने. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट बघायचा, त्यावरून पदे ठरवायची, जास्त असतील ते ‘अतिरिक्त’ ठरवून त्यांचे समायोजन करायचे, अशी ही व्यवस्था. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर त्या गटाला शिक्षक शून्य, हा त्यातला भाग सर्वाधिक गाजला. शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, प्रकरण न्यायालयात गेले. वीस आणि एकोणीस यांत एका कुटुंबाचा फरक. एखादा चाकरमानी बायकामुलांना घेऊन ठाण्याला गेला, की सहावी-सातवीच्या मुलांचा विज्ञानाचा शिक्षक त्याच्याबरोबर गेला असे समजा.

सिंधुदुर्गात याला आणखी एक पदर आहे. इथे नोकरीला लागलेले बरेच शिक्षक घाटावरचे, मराठवाड्यातले. आंतरजिल्हा बदलीची दारे उघडली की ते आपल्या गावी जातात. त्यांना दोष कसा देणार? म्हातारे आईबाप तिकडे. पण एकाच उन्हाळ्यात शेकड्यांनी शिक्षक कार्यमुक्त झाले तेव्हा जूनमध्ये शाळा उघडल्या आणि अनेक शाळांत शिकवायला कोणीच नव्हते. शून्यशिक्षकी शाळा हा शब्द जिल्ह्यातल्या आजीबाईंनाही पाठ झाला. मग शेजारच्या शाळेतून ‘कामगिरी’वर एक शिक्षक पाठवायचा, म्हणजे तिथे एकाचे अर्धे करायचे. स्थानिक डीएडधारक बेरोजगार याच काळात आम्हाला घ्या म्हणून ओरोसला आंदोलने करत होते. शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल राज्याची एकच गुणवत्ता यादी लावते. मालवणी येणारा शिक्षक मालवणात हवा, हा निकष त्यात बसत नाही.

अंतराचे कलमही असेच. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचा नियम. सिंधुदुर्गातले गाव म्हणजे एक ठिपका नव्हे, दहा-बारा वाड्यांचा पसारा. दोन वाड्यांमध्ये डोंगराची एक सोंड किंवा एक व्हाळ. सरळ रेषेत अडीच किलोमीटर असलेली शाळा जुलैत साकव वाहून गेला की सहा किलोमीटरवर जाते. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण एसटी डांबरी फाट्यावर थांबते. फाट्यापर्यंतचा दीड किलोमीटर कोणत्याही योजनेत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटते ती बहुधा या दीड किलोमीटरात. नोंद होते ‘स्थलांतर’ किंवा ‘घरकाम’ म्हणून.

मग लहान जिल्ह्याची कामगिरी बघायचीच नाही का? बघायची, पण तराजू बदलून. एका वर्षाची सहा मुले मोजण्यापेक्षा तीन वर्षांची अठरा मुले एकत्र मोजावीत. एका शाळेऐवजी केंद्रातल्या आठ-दहा शाळा एकत्र धराव्यात. टक्केवारीशेजारी कंसात ‘सहापैकी पाच’ असे छापणे सक्तीचे करावे. त्याला शाईखेरीज काही लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, यंदाची सातवी आणि गेल्या वर्षीची सातवी यांची तुलना सोडून तेच मूल पाचवीत कुठे होते आणि आठवीत कुठे पोचले ते बघावे. पूर्वी हे अशक्य होते. आता यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजेऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद होते. सातवीतले मूल शाळा बदलून आठवीत गेले तरी त्याचा धागा तुटायचे कारण उरलेले नाही. माहिती भरून भरून शिक्षकांची बोटे दुखली आहेत. त्या माहितीचा शिकण्यासाठी उपयोग झालेला त्यांनी अजून बघायचा आहे.

हे झाले तरी पटफलकावरचा सतराचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे एक चमत्कारिक टोक सांगायचे राहिले. दसरा-दिवाळी झाली की आंब्याच्या बागांत राखणदारांची कुटुंबे येऊ लागतात. समजा, आमच्या शाळेत त्यांची तीन मुले आली, सहावीत दोन आणि सातवीत एक. कायद्याने त्यांना कागद नसले तरी प्रवेश द्यावाच लागतो आणि बाई देतातही. सतराचे वीस झाले. खिचडीसाठी माणशी दीडशे ग्रॅम धान्याचा हिशेब त्यांच्यासाठीही लागला. पण संचमान्यतेचा पट ३० सप्टेंबरचा. ही तिघे त्या दिवशी पटावर नव्हती. कागदाला वीस मुले कधी दिसलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावाचा शिक्षकही आला नाही. जूनच्या तोंडावर कुटुंबे निघून जातात आणि पुन्हा सतरा उरतात.

आगामी जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही ठरली आहे. त्या दिवशी देवगडात आंबा झाडावर असेल आणि राखणदारांची मुले गावात असतील. ती जिल्ह्याच्या लोकसंख्येत मोजली जातील. त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या पटावर ती नसतील.